चुका

सुतारानं सात हजार सांगितले, सामान वेगळं.
मी म्हटलं, बघू.
आणि रविवारी सकाळी
हेरंबची जुनी ट्रॅक पँट चढवून
सगळ्यात वरच्या पायरीवर बसले,
पटाशी, पक्कड
आणि श्रीखंडाचा एक रिकामा डबा घेऊन.
डबा चुकांसाठी.

बारीक खिळ्याला आमच्याकडे चूक म्हणतात.
ऋजुताला हे नवीन.
"आई, एकूण किती चुका?"
मोज, म्हटलं. पायरीला बावीस. पायऱ्या तेरा.

हा गालिचा पावण्याच्या रंगाच्या कारखान्यातला.
तो बंद पडला तेव्हा स्टोअरकीपर त्रिंबक सामंतांना,
म्हणजे माझ्या मामंजींना,
चार महिन्यांच्या पगाराऐवजी
डायरेक्टरच्या केबिनमधली जमीन मिळाली.
सुरळी होऊन टेम्पोतून नेरूळला आली,
रो-हाउसच्या दारातून आत शिरेना.
"ज्याच्यावर अठरा वर्षांत एकदा बोलावलं नाही
त्याच्यावरून आता रोज अंघोळीला जाईन,"
म्हणाले म्हणे.
मी तेव्हा या घरात नव्हते.
मी आले तेव्हा रंग मरून होता.
आता नुसता मेलेला.

ओढला की फाटत नाही, आधी खोकतो.
खालून निघाली धूळ, एक चार आण्याचं नाणं,
कुणाच्या तरी बाळंतपणातला ओवा,
आणि पोछा ओला करून फिरवला
तर बादलीतलं पाणी निळं झालं.
निळं म्हणजे निळंच, मोरपंखी.
पाच बादल्या ओतल्या मोरीत.
कारखाना बंद होऊन सव्वीस वर्षं झाली
आणि त्याचा माल अजून सुटत होता.

दुपारी ऋजुता उघड्या जिन्यावरून वर निघाली
आणि दहाव्या पायरीला ठेचकाळली.
जन्मल्यापासून याच जिन्यावर धावते,
डोळे मोबाइलमध्ये घालून धावते,
कधी पडली नाही.

मग मी खाली वाकून बघितलं.
प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात, मोझाइकवर,
पेन्सिलीनं बारीक आकडा:
सात. सात. सात. सात.
नवव्या पायरीवर साडेसहा.
दहाव्या पायरीवर साडेसात.
ज्या कुणी हा जिना ओतला
त्याचा हात नवव्या पायरीवर अर्धा इंच बसला होता.

आणि सकाळी मी नवव्या पायरीवरून
गोणपाटाची तीन पदरी घडी
कचरा म्हणून उचलून पिशवीत कोंबली होती.

कुणाला बोलले नव्हते.
तसे ते बोलायचेच कमी,
बोलायचे ते टीव्हीवरच्या निवेदिकेशी.
सासूबाईंना विचारलं फोनवर.
"असेल," म्हणाल्या, "त्यांना मोजायचा नाद होता.
चहात साखर कमी पडली तरी
रजिस्टर बघितल्यासारखं कपात बघायचे."

गोणपाट पिशवीतून काढलं, झटकलं,
ते हातातच सुटलं, भुगा.
मग माझी योगा मॅट आठवली.
दोन वर्षं कपाटामागे उभी,
वापर: एकदा.
कापली, दुमडली, टेपनं मोजली.
अर्धा इंच.
हेरंब म्हणाला, नवी आणली असती ना थोडं फोम.
मी म्हटलं, हीसुद्धा नवीच आहे.

त्यांच्या साडेसहाच्या खाली
मी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली
आणि तारीख टाकली, सही लहान.
स्टॉक तपासल्यावर करतात तशी.

नवीन कार्पेट राखाडी, तुर्भ्याहून,
फुटावर मिळालेलं.
अंधार पडेपर्यंत बारा पायऱ्या झाल्या,
माझ्या गुडघ्यांवर लाकडी पट्टीचे वळ,
अंगठ्याचं नख काळंनिळं,
आणि दुकानदारानं दिलेलं पाकीट संपलं.

ऋजुतानं श्रीखंडाचा डबा पुढे केला.
वाकड्या होत्या, गंजलेल्या होत्या.
फरशीवर ठेवून एकेक ठोकली,
सरळ झाल्या तेवढ्या घेतल्या.
तेराव्या पायरीला
जुन्याच चुका लागल्या.