महाल सापडत नाही

रात्रीचा दीड. कूलरमधलं पाणी संपलंय,
पंखा कोरडाच घरघरतोय,
आणि बिल्ड म्हणतंय, अकराव्यांदा:
महाल नावाचं पॅकेज सापडत नाही.

नागपुरात बसून हे वाचायचं!

हेमराज उमाठेनं ही सिस्टीम एकट्यानं बांधली,
पॅकेजांना वस्त्यांची नावं दिली.
इतवारीला महाल लागतो, सदरला इतवारी,
धरमपेठला, अर्थातच, सगळेच.
मग तो हैदराबादला गेला.

फोल्डर आहे. उघडून पाहिलं,
आत फायली आहेत, जुनी वहिवाट आहे.
कॅश पुसली, पाथ तपासला.
नोंदीत शोधलं तर शून्य;
आणि नोंद नाही त्याला हे ओळखतच नाही,
तहसिलीच्या खिडकीसारखं.

शेवटी फोन लावला.
"काऊन बे, झोपत नाही काय?"
जांभई. मग: "दोन ए टाकले का?
एका ए-नं महल होते. मी तिथलाच आहो,
आमच्या गल्लीत कोणी महल म्हणत नाही."

खरंच. नोंदीत हा लांब होता,
मागणीत आखूड.

दुरुस्त करताना बोट थांबलं.
त्याचं नाव तसंच ठेवलं,
मागणाऱ्या सतरा जागी एकेक ए वाढवला.
इतवारी लागली. सदर.
धरमपेठ कुरकुरत, सगळ्यात शेवटी.

बादली घेऊन उठलो.