पस्तीस वर्षांचे कॉलेजकुमार

रात्री साडेआठला चक्कीचा पट्टा उतरवते,
केसांतलं पीठ पदरानं झटकते
(सगळं झटकलं जात नाही, काही आता माझंच आहे)
आणि टीव्ही लावते.
तोवर बेबीनंदा येतेच,
गंजभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन.
दारातूनच विचारते, "कॉलेजातला आहे ना?
नाही तर मी चालली."

कॉलेजातलाच असतो.
जुना, रंग गुलाबीकडे झुकलेला,
हीरो अकरावीत.
गालांवर दाढीची हिरवी सावली,
बापाचं काम करणाऱ्याहून चार वर्षांनी लहान असेल नसेल.
"दहावीले किती खेपा बसला असन बाप्पा हा,"
बेबीनंदा शेंग सोलते.
वर्गात एकच फळा, फळ्यावर एकच गणित,
तीन तासांत ते कोणी सोडवत नाही.
प्राचार्यांचा टोप सरकतो, कारंजं उडतं,
परीक्षा गाण्याच्या दोन कडव्यांत आटोपते,
आणि ती वळणावरून येते, पुस्तकं छातीशी धरून.
आम्ही दोघी एकदम:
"आता पडतीन!"

पडतात.
दरवेळी पडतात, आणि दरवेळी
जेवल्यावर वाटावं तसं बरं वाटतं.
पुढचं ठाऊक असण्यात काय गोडी, मुलगा विचारतो.
त्याला काय सांगू. चक्कीच्या आवाजावरून
पीठ जाड पडतंय की बारीक हे मला कळतं,
म्हणून मी दळणं थोडीच सोडते.

सत्त्याऐंशी साली दिग्रसहून व्हिडिओ आणला होता भाड्यानं.
सुदाम भोयरचा रिकामा गोठा,
माणशी रुपया, तीन कॅसेटी.
देवाची शेवटी ठेवली,
म्हणून म्हातारे भिंतीला टेकून झोपले
आणि आम्ही आठवीतल्या पोट्ट्यांनी
शेणाच्या वासात पहिल्यांदा कँटीन पाहिलं.
तिथं पोरं-पोरी एका टेबलाशी बसत
आणि कोणी घरी जाऊन सांगत नसे.

आमच्या शाळेत मध्ये मोकळी पट्टी,
डावीकडे आम्ही, उजवीकडे पोट्टे,
हातपंप तेवढा दोघांचा.
सोमवारी मी व्हरांड्यात
अवधूत चोपडेच्या पायांपुढे पुस्तकं पाडली.
भूगोल, हिंदी, कंपासपेटी,
सगळं, चांगला आवाज करून.
तो थांबला. पाहिलं.
मग वर्गाकडे तोंड करून ओरडला,
"गुरुजी, हिचं पडलं!"

बेबीनंदा ही गोष्ट दरवर्षी मलाच सांगते,
जशी मी तिथं नव्हतेच.

आज गच्चीवरचं भांडण रंगात आलं आणि लाइन गेली.
"डीपी उडाली," रस्त्यावरून कोणीतरी.
अंधारात शेंगा फुटण्याचा आवाज.
"मंग ती म्हणते, मले विसरून जाय."
"आधी झापड मारते."
"झापड मध्यंतराच्या आधीच झाली ना वं!"
उरलेला सिनेमा आम्हीच चालवतो.
मी नायिका. हीरो बेबीनंदा,
व्हिलनची जीपही तीच, घशातून गिअर बदलणारी.
शेवटाला स्टेशन हवं, पण ती फाटा घालते,
साडेसहाची एस.टी., टपावर कोंबड्यांच्या टोपल्या.
"तू खिडकीत. तो धावत येते.
हातात कंपासपेटी."

"कावून?"

"तुही पडली होती ना.
उचलली असन त्यानं मागून. तुले काय माहीत."

मी काही बोलत नाही.
पुस्तकं मिळाली होती त्या दिवशी. पेटी नव्हती.
आईनं फुंकणीनं मारलं होतं.
हे मी बेबीनंदाला कधी सांगितलेलं नाही.

लाइन येते.
पडद्यावर सगळे एका ओळीत हसत उभे,
प्राचार्यांचा टोपसुद्धा जागेवर.
"पाह्य, जमलंच," ती म्हणते,
शेळीसाठी टरफलं ओच्यात भरते
आणि दारातून वळून, चप्पल शोधत:
"उद्या शेंगा तू उकड.
मीठ कमी टाकजो."