कानामागचा दिवा

क्लबचा गोंदणारा मी, चोवीस वर्षं.
चिमट्यात आकडे बसवायला लागलो
की बायको म्हणते, आला सुईणबाई.

हिरवी शाई, कापूस, स्पिरिट,
मांडीवर टाकायला जुनं ब्लँकेट
आणि डोक्याला बांधायचा छोटा दिवा
एवढं घेऊन निघालो मार्चमधल्या एका रविवारी.
टेकडीवर अजून बर्फाचे तुकडे होते.
हेडविकाबाईंचा फोन:
"वाऱ्यानं कुंपण पडलं. सगळे एकत्र झालेत.
आणि तो म्हणतो, निम्मे त्याचे."

तो म्हणजे पलीकडचा वेंडेलीन.
एका नाशपतीच्या फांदीवरून
अकरा वर्षं बोलणं नाही.

चौदा ससे. चौदाही पांढरे, लाल डोळ्यांचे,
गेल्या वर्षीच्या कोबीच्या खुंटांत.
एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं.

लोक मला विचारतात,
गळ्यात पट्टा का नाही बांधत, मांजरासारखा?
कारण ससा फटीत शिरतो,
आणि पट्टा फटीबाहेर राहतो.
पायात कडं? चालतं, पण बघत राहावं लागतं.
मी एक पाय पाहिलाय, सुजून पावासारखा झालेला;
कडं कापायला सोनाराची कात्री आणली होती.
पिल्लांना कानात मार्करचा ठिपका पुरतो
(आई चाटते, आठ दिवसांनी पुन्हा लावायचा).
चिप सगळ्यात चांगली, तांदळाच्या दाण्याएवढी,
पण ती वाचायचं यंत्र खालच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे
आणि डॉक्टरीणबाई रविवारी मासे पकडतात.

तेव्हा कान.
ओढायचा नाही. मागे तळवा द्यायचा,
दिवा मागून धरायचा
आणि श्वास हळू घ्यायचा, दोघांनी.
कान उजळतो:
जाळी पडलेलं पान, त्यात शिरा,
शिरांना चुकवून बसलेले माझेच आकडे.
कुठला सात तिरका आला, तोही ओळखतो मी.

बाईंचे सात.
त्यांचे सहा.
चौदावीचे दोन्ही कान कोरे.

"माझी," बाई म्हणाल्या.
वेंडेलीन फाटकापाशी, टोपी हातात.
काही बोलला नाही.

सवयीनं मी नखं पाहिली.
डावा मागचा पाय, बाहेरचं नख,
अगदी टोकाला तांबडा कण.
रक्त वाटलं. खरवडलं. रंग होता.
नख वाढतं, रंग टोकाकडे सरकत जातो.
हा लावलेला नाताळाच्या आसपास.

हेडविकाबाईंची नखं
मातीनं भरलेली, बोटालगत कापलेली.
मी फाटकाकडे पाहिलं.

"ओतीलिएची बाटली," तो टोपीला म्हणाला.
"तळाशी जरा उरलं होतं.
ही तिच्या मांडीवर झोपायची.
तुझा चिमटा मला... नाही जमलं.
वाळेपर्यंत धरून बसलो. वीस मिनिटं."

ससे पाय चाटतात, रंग पोटात जातो,
मी असल्या खुणेची शिफारस करत नाही.
त्या दिवशी हे सांगायचं राहून गेलं.

बाईंनी तिला उचललं,
एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, नीट,
आणि पडलेल्या कुंपणावरून पुढे केलं.
"नख वाढलंय," त्या म्हणाल्या.
"कापायला हवं."
"हो," वेंडेलीन म्हणाला.
कात्री मात्र कोणी आणली नाही.

वहीत माझे चार रकाने: जात, जन्म, डावा कान, उजवा कान.
पाचवा मी पेन्सिलीनं आखला.

मे महिन्यात त्या बाजूला काम निघालं.
म्हणजे काढलं.
कुंपण उभं होतं, नाशपती फुलून गेलेली.
नख कापलेलं.
शेजारच्या नखावर ताजा रंग,
कडेनं फासलेला, जरा नारिंगीकडे जाणारा,
ओतीलिएच्या बाटलीतला नक्कीच नाही.

कुणी विकत आणला,
याला वहीत रकाना नाही.