पोटखराबा

बोरगडापासून कादवा नदीपर्यंत
जमिनीचा कुठला तुकडा किती अडवतो, ते मी ठरवते.
मशीन विचारतं, मी आकडा देते.
रान : एक.
मेंढ्या बसतात ते माळ : तीन.
ऊस : पाच. त्यात लपता येतं, पिल्लंही घालता येतात.
द्राक्षबाग, अँगल, तारा, वरून प्लास्टिक : चाळीस.
पेठ रस्ता : नव्वद.
प्लॉट पाडलेली जागा, कंपाउंड, कुत्री : शंभर.

म्हसरूळला आमचं घर आहे, दुसऱ्या मजल्यावर,
बाबांच्या फंडाच्या पैशातून घेतलेलं.
तो चौकोन शोधला आणि टाकला त्यालाही
शंभर.
हात जरा थांबला, एवढंच.

एक चौकोन तीस मीटरचा.
उपग्रह याहून बारीक बघत नाही.
म्हणजे बघतो, पण त्याचे पैसे पडतात
आणि आमच्या प्रकल्पात तेवढे नाहीत.

मशीन रात्रभर चाललं.
सकाळी निळी रेघ गडावरून उतरली,
उसातून सरकली, बागांना वळसा घालत
पेठ रस्त्याशी आली आणि संपली.
अहवालात मी लिहिलं : दुवा तुटलेला.
मग जागेवर जाऊन खात्री करायची असते, म्हणून गेले.

खंडू लिलके बारं धरतो.
लाईट रात्री साडेअकराला येते,
ती जाईपर्यंत तो पाण्यामागे, फावडं खांद्यावर.
नकाशा त्यानं मांडीवर घेतला, उलटा, मग सुलटा.
‘ह्यात बांध कुठाय?’
म्हटलं, बांध दोन हात रुंद, चौकोन तीस मीटरचा,
बसत नाही.
‘मग आमचा सातबारा बरा.
त्यात पोटखराबा तरी लिवलेला असतो.’

जमिनीच्या पोटातली खराब जमीन.
पिकत नाही, म्हणून आकारणी नाही.
तलाठ्याच्या लेखी शून्य रुपये, शून्य पैसे,
आणि माझ्याकडे सगळ्यात कमी आकडा होता एक.

तो पुढे, मी मागे, बॅटरी त्याच्या हातात.
बांधावरून : हिवर, घायपात, करवंदीची जाळी,
बुजल्या विहिरीचा मलबा, एक फुटका डबा.
बांधावरून ओघळीत, ओघळीतून चारीत,
चारीतून मोरीच्या तोंडाशी.
वर पेठ रस्ता. माझे नव्वद.
क्रेटनं भरलेला ट्रक गुजरातकडे गेला
आणि मोरीतून त्याचा आवाज आमच्या अंगावर आला.

गाळात पाऊल होतं.
पुढचं मोठं, मागचं लहान.
बाजूला पांढरी पडलेली लीद, नुसता हाडांचा चुना.
‘तरशीण. उजव्या पायानं लंगडते.
आली की माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं बघतो,
पाणी चालूच असतं.’

टेप काढली. मोरीची रुंदी, आत फसलेलं
बागेचं फाटकं प्लास्टिक सोडून,
नव्वद सेंटीमीटर.
वहीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं,
बॅटरी त्यानं दुसरीकडे फिरवली होती.

‘छाटणी झाली की मालक बांध फोडणारे.
दोन्ही वावरं एक करायची,
जेसीबीला सांगून ठेवलंय.’
मग ती कुठून जाईल?
त्यानं फावड्यानं दारं मोडलं,
पाणी दुसऱ्या सरीत वळलं, तिकडे बघत म्हणाला,
‘वरून.’

अहवालातलं ‘तुटलेला’ खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही.
आमच्या तक्त्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’,
‘छाटणीपर्यंत’ असा रकाना नाही.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते.
कॉलनीतली कुत्री माझ्यावरही भुंकली.
बिल्डिंगच्या मागे, ट्रान्सफॉर्मर आणि भिंत यांच्यामध्ये
हातभर पट्टी आहे, कुणाच्याच नावावर नसलेली.
सोसायटी तिथे फरशी घालणार म्हणते.
उंबराचं एक रोप आहे, पाइपच्या गळतीवर जगलेलं.
चपला हातात घेऊन तिथे उभी राहिले.
परवा तिथून मुंगूस गेलं होतं.
कुठून आलं, विचारलं नव्हतं मी.