डावी वही

लष्करात, दौलतगंजच्या तोंडाशी
फणसेकाकांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान.
काउंटरवर दोन वह्या. डावीकडे आवक, उजवीकडे जावक.
मधे दोरीला बांधलेलं पेन.

दिवाळी ते संक्रांत बसून मी दोन टेबलं भरली,
पावती क्रमांकाने जोडली, बटण दाबलं.
स्वच्छ यादी आली.
प्रत्येक कोटाला धनी, प्रत्येक शालीपुढे सही.
काकांनी चष्मा कपाळावर चढवला:
"आणि न नेलेले?"

ते मागच्या खोलीत टांगलेले होते.
खिशात गजकाच्या दुकानाचं बिल असलेला बंद गळ्याचा कोट,
मिल चालू होती तेव्हाचा, बिल्ल्यासकट एक स्वेटर,
एक चंदेरी, हळदीचा डाग तेवढा न निघालेली.

मी जोडणी बदलली.
डावीकडचं सगळं राहू दे, म्हटलं,
उजवीकडे जोडी असो नसो.
दोनशे बारा ओळी परत आल्या,
आणि त्यांच्या पुढच्या रकान्यांत एकच शब्द: नल.
"नल?" काका म्हणाले, "आज कुठला नल?
तिघऱ्याचं पाणी उद्या."

मग मी समजावत बसले.
नल म्हणजे शून्य नाही, शून्य मोजून झालेलं असतं.
नल म्हणजे मेला नाही, विसरला नाही,
येईल असंही नाही.
हा नल त्या नलासारखाच का, असं विचारलं
तर मशीन हो म्हणत नाही
आणि नाहीही म्हणत नाही.
"शहाणं आहे," काका म्हणाले,
आणि इस्त्रीकडे वळले.

पुढच्या आठवड्यात मीच घोळ घातला.
यादीखाली अट लिहिली: दोन हजार सालानंतर नेलेले दाखव.
ज्याने नेलंच नाही त्याला कुठलं साल?
दोनशे बारा जण
खुर्ची न वाजवता उठून गेले.
दोन दिवस मला कळलंही नाही.
मग अटीला शेपूट जोडलं, किंवा तारीख नल असेल तर,
तेव्हा परत येऊन बसले.

फेब्रुवारीत भिंडच्या बसने कांताबाई भदौरिया आल्या.
घडीवर फाटलेली पावती: ३११७.
यजमानांची अचकन, रेशमी अस्तराची.
डाव्या वहीचं ते पान वाळवीने कधीच खाल्लेलं.
मी आकडा टाकला. काही नाही.
नलसुद्धा नाही.

काकांनी न बोलता उजवी वही उघडली.
३११७. आल्या होत्या. सापडली नाही. चहा.
पुढच्या थंडीत पुन्हा. त्याच्या पुढच्या थंडीत पुन्हा.
अकरा नोंदी.
टाइप करताना मी हसले होते त्यांना,
आणि नंतर डावी बाजू धरून
सगळ्या गाळल्या होत्या.

बाई मागच्या खोलीत गेल्या,
एकेका बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं.
काही घेतलं नाही.
बशीतला चहा संपवून
साडेचारच्या बसला निघाल्या.

रात्री मी दोन्ही बाजू राखणारी जोडणी लिहिली.
यादी लांबली, वेडीवाकडी झाली, दोन्हीकडून फाटकी.
तळाशी बारावी ओळ माझ्या हातची:
३११७, कपडा नल, रंग नल, धनी नल,
आल्या होत्या,
चहा.