खण

ग्रंथपाल म्हणाले, बाई रिटायर व्हायच्या आत
त्यांचं छापलेलं सगळं एका यादीत आण.
म्हणून तीन दिवस मी तळघरात,
गंजलेल्या टाचण्या काढून
चहाच्या बशीत टाकतोय.

डॉ. कुमुदिनी सांबरेकर. एकूण एकसष्ट निबंध.
पैकी हृदयावर चव्वेचाळीस.
खानापूरच्या रानाकडल्या शाळांतली मुलं:
घसा दुखला, बरा झाला,
आतली झडप मात्र गळत राहिली.
निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बायका:
"छातीत दुखतं का?" विचारलं तर सगळ्या नाही म्हणतात,
"जीव वर येतो का?" विचारलं
तर दहातल्या सातजणी
हातातलं पान सुपात ठेवतात.

एवढ्या एका वाक्यासाठी बाईंनी
वर्षभर काम अडवून धरलं होतं.
मराठीत चारदा फाडलं, कन्नडात तीनदा.
डावीकडे कुठली भाषा यावरून
छापखान्यात भांडण झालं ते वेगळंच.
इंग्रजीत त्याला शब्दच सापडला नाही.
निबंधात "जीव वर येणे" तसंच आहे,
तिरक्या अक्षरात, खाली सहा ओळींची टीप.

उरले सतरा.
कणकुंबीकडचा सर्पदंश. कौलांच्या भट्टीवरचा दमा.
एक तर कुत्रा चावण्यावर, दोनच पानांचा.
तो बाईंनाच चावला होता, असं शिपाई सांगतो.
कमिटीतले म्हणायचे,
हृदयाच्या बाईला हे नसते उद्योग कशाला.

आणि हा, एकोणिसावा.
यंत्रमागावरील विणकरांची श्रवणशक्ती.
वडगाव, बेळगाव. दोनशे बारा पुरुष.

मी तेव्हा चौथीत.
बाई आमच्या गल्लीत आल्या होत्या हृदयासाठीच.
आप्पांच्या छातीला नळी लावून म्हणाल्या, "श्वास धरा."
आप्पा हसले.
परत म्हणाल्या. आप्पांनी जीभ दाखवली.
दारातली माणसं खिदळली.
आई म्हणाली, "तसं न्हवं बाई, त्यांचं असंच.
खरं माग बंद पडला की झोपेतनं उठतात बघा."

बाई हसल्या नाहीत.
स्वतःच्या कानातली टोकं काढून
त्यांनी आप्पांच्या कानात घातली,
चकती त्यांच्याच छातीवर धरली.
बराच वेळ.
आप्पा छताकडे बघत राहिले, लग्नाच्या फोटोत बघतात तसे,
मग हातानं म्हणाले: काय नाही.

तक्ता तीन, शेवटची ओळ: तीव्र, एकतीस.
त्यातले आप्पा कुठले, ते कळत नाही.
कळू नये असाच नियम आहे.
आभारात मात्र आई सापडली,
घरोघर सोबत फिरल्याबद्दल.
छापणाऱ्यानं हावळचं हवाल केलंय.

कार्ड हातात घेऊन बसलोय.
हृदयाचा खण गच्च भरलाय, ओढला तर अडकतो.
कान-नाक-घसा रिकामाच, आत एक मेलेली पाल.
घरी फोन केला. "आई, कुठल्या खणात ठेवू?"
"कसला खण? गुळेदगुड्डचा?"
मागून आप्पांचं मोठ्यानं बोलणं,
आपल्याशीच.

माग भंगारात गेले त्याला नऊ वर्षं झाली.
अजून रात्री उठतात,
मधल्या भिंतीला तळहात लावून उभे राहतात,
शेजारच्यांचा चालू असला
तरच परत झोपतात.

मी दोन कार्डं केली.
एक इकडे, एक तिकडे.
एकसष्टचे बासष्ट कसे झाले, विचारतील उद्या.