डाव्या कुशीवर

आठवडाभर आईला वाटत होतं, खिडकीची कडी वाजतेय.
क्लाक्सविकचा वारा असा,
की कुठलाही आवाज आपण त्याच्याच खात्यावर टाकतो.
मग एका दुपारी वारा पडला
आणि टक् टक् चालूच राहिली
लॅपटॉपच्या पोटातून.

"हार्ड डिस्क मरतेय," मी म्हणालो.
"मेली की बघू," म्हणाली,
आणि पडद्यावरचा पत्त्यांचा डाव पुढे खेळू लागली.

नवी डिस्क डेन्मार्कहून बोटीने आली,
आणि त्याच बोटीने, कुणी न बोलावता, सुन्नुवा.
आठ वर्षांनी.
म्हणजे बाबांची होडी मी तिला न विचारता विकली
तेव्हापासून पहिल्यांदा.
दारात बूट काढता काढता ती म्हणाली, "वारा आहे,"
जणू आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

तळाला अकरा स्क्रू. दहा मुकाट निघाले.
अकराव्याचं डोकं झिजून गुळगुळीत,
त्यावर रबरबँड ठेवून, पेचकस दाबून
शेवटी काढला.
आत लोकरीचे तंतू, बिस्किटाचा भुगा,
पंख्याला गुंडाळलेला एक लांब पांढरा केस.
सुन्नुवाने तो चिमटीत धरून दिव्यापाशी नेला.
टाकला कुठे, मी पाहिलं नाही.

जुनी डिस्क केबलने माझ्या कॉम्प्युटरला जोडली.
टक्. टक्. खर्र.
उताणी ठेवली, नाही. पालथी, नाही.
शिवी हासडून उचलली,
तर हातातल्या हातात, अर्धी कलंडलेली,
ती वाचायला लागली.
एक टक्का.

टेबलावर ठेवली की बंद.
पुस्तकांचं टेकण दिलं, तरी बंद.
तिला हातच हवा होता,
डाव्या कुशीवर, आजारी कोकरू धरतात तसा.

नऊ तास, पडदा म्हणाला.
मग अकरा. मग सहा. मग पुन्हा नऊ.

अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या.
देता-घेताना डिस्क हलता कामा नये,
म्हणून आधी तिची बोटं माझ्या बोटांखाली सरकायची,
मग मी माझी काढायचो, एकेक.
"घेतली?"
"घेतली."
"सोडू?"
"सोड."
मध्यरात्रीपर्यंत आमचं बोलणं एवढंच.

एक्केचाळीस टक्क्यांवर तिने विचारलं,
"किती आले होते?"
कशाचे, ते विचारायची गरज नव्हती.
मी आकडा सांगितला. खरा.
"एवढेच?"
"इंजिन गेलं होतं तिचं."
"मला वाटलं, तू खूप कमावलेस."
मग बराच वेळ
तळव्यात फक्त ती कोमट थरथर,
आणि तोंडातलं तोंडात.

पहाटे सत्त्याण्णववर अडकली.
तासभर सत्त्याण्णव.
माझा खांदा भरून आला होता, पण पाळी तिची असूनही
मी दिली नाही; मधेच कसं द्यायचं.
टक्टक् विरळ झाली, आणि थांबली.

राहिलेल्या तीन टक्क्यांत काय होतं
ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

नवी डिस्क वजनाला पापुद्र्याएवढी.
आत काही फिरत नाही.
"हिचा आवाजच नाही," सुन्नुवा म्हणाली.
"येणारही नाही."
"मग बिघडायला लागली की कळणार कसं?"
मी स्क्रू लावत होतो. दहा लावले.
अकरावा बशीत ठेवून दिला.

आई उठली. चष्मा पुसून लॅपटॉप उघडला.
चर्चच्या गायकवृंदाचे हिशेब आले होते,
चौदा वर्षांचे फोटो आले होते.
तिने त्यातलं काहीच उघडलं नाही.
"माझा डाव?"
अर्धवट डाव गेला होता.
"हरतच होते," ती म्हणाली,
आणि नवे पत्ते वाटायला घेतले.

दुपारी वारा पुन्हा सुटला
आणि खिडकीची कडी खरोखरच वाजायला लागली.
सुन्नुवाने जुनी डिस्क उचलून फटीत ठोकली.
तिरकी. बरोबर बसली.